कामगाराची वही कामगाराच्याच खिशात हवी

उत्पादन-साधनांच्या मालकीविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले जाते. नोंदीच्या मालकीविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. माग कोणाचा, शेड कोणाची, सूत कोणाचे आणि विणून झालेले कापड कोणाचे, या प्रश्नांची उत्तरे भिवंडीतला कोणताही कार्यकर्ता झोपेतून उठवला तरी देईल. परंतु किती मीटर कापड विणले गेले, किती उचल घेतली गेली आणि किती देणे राहिले, हे ज्या वहीत लिहिले जाते ती वही कोणाची, असे विचारले की सर्व शेडमधून एकच उत्तर येते: शेठची. कामगाराच्या बाजूला असते ती केवळ आठवण. वही आणि आठवण यांचा वाद झाला की आठवण हरते, हा अर्थव्यवहाराचा फार जुना अनुभव आहे.

या लेखात एक वरवर क्षुल्लक दिसणारी सूचना मांडावयाची आहे. आज भिवंडीतील बहुतेक कामगारांच्या खिशात मोबाईल फोन असतो. त्या फोनवर, इंटरनेटची जोडणी नसताना आणि कोणत्याही कंपनीकडे खाते न उघडता, साध्या मजकुराची एक फाईल ठेवता येते. तीत रोजच्या कामाची नोंद करता येते आणि उद्याच्या कामांची यादीही लिहिता येते. ही सवय कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतःला आणि मग कामगारांना लावावी, असे माझे म्हणणे आहे. सूचना तांत्रिक दिसते. परंतु तिच्यामागचा प्रश्न वर्गसंबंधांचा आहे, म्हणूनच या पानावर तिची चर्चा करणे अप्रस्तुत वाटत नाही.

सुप्याच्या बाजारापासून गिरणगावापर्यंत

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. तेथून हा उठाव पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. या उठावाचे एक लक्षण अभ्यासकांच्या नजरेत नेहमी भरत आले आहे. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या चोपड्यांवर होता. ज्या कागदावर आपण अंगठा उमटविला त्यावर नेमके काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, आणि त्या कागदाची दुसरी प्रत त्यांच्यापाशी नव्हती. एकच प्रत, तीही धनकोच्या पेटीत, अशी स्थिती असताना हिशेब मिटविण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसला नाही. त्यांनी तो कागदच जाळला.

परकीय सरकारलाही यातला मुद्दा उमगला होता. १८७९ मध्ये झालेल्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट या कायद्याने शेतकऱ्याला पैसे फेडल्याची लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब लेखी मागण्याचा आणि हिशेबाची पुस्तिका स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क दिला. कायद्याने सावकारी संपली नाही, हे आपण जाणतोच. परंतु ऋणकोच्या हातीही नोंदीची प्रत असली पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्राच्या भूमीवर जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मान्य झाले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरे उदाहरण मुंबईच्या गिरणी कामगाराचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. गिरण्या बुडाल्या, जमिनींचा बाजार मांडला गेला, पिढी उद्ध्वस्त झाली. त्यानंतर दीर्घ लढ्यातून गिरण्यांच्या जमिनीवर घरे मिळविण्याचा हक्क कामगारांनी पदरात पाडून घेतला आणि २०१२ मध्ये म्हाडाने घरांची पहिली सोडत काढली. अर्जदार १ जानेवारी १९८२ रोजी अथवा त्यानंतर गिरणीत कामाला होता हे सिद्ध करण्यासाठी तेव्हा काय उपयोगी पडले? गिरणीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचा क्रमांक. ट्रंकेच्या तळाशी तीस वर्षे पडून राहिलेल्या या कागदांनी शेकडो चौरस फुटांची किंमत कमावली. ज्यांच्या ट्रंकेत कागद उरला नव्हता त्यांचे काय झाले, ते लालबाग-परळच्या कार्यकर्त्यांना विचारावे.

आता हाच प्रश्न भिवंडीविषयी विचारून पाहावा. संपाच्या काळात आणि त्यानंतर गिरण्यांचे काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. काम आले, परंतु त्याच्याबरोबर तिकीट आले नाही, पगाराची चिठ्ठी आली नाही, हजेरीपट आला नाही. मागांची विभागणी घरच्या माणसांच्या नावांवर करून बहुतेक शेड कारखाना-कायद्याच्या उंबरठ्याखाली ठेवल्या गेल्या. आज पन्नाशीला आलेल्या भिवंडीच्या मागवाल्याने उद्या कोणत्याही हक्कासाठी अर्ज करावयाचे ठरविले, तर आपण पंचवीस वर्षे या गावात कापड विणले याचा कोणता पुरावा तो पुढे ठेवणार? त्याच्या ट्रंकेत काय आहे?

२०२० सालाचा धडा

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि भिवंडीचे माग एका दिवसात थांबले. हजारो कामगार उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, तेलंगण येथील आपल्या गावांकडे निघाले. काही पायी निघाले, काही मालमोटारींतून निघाले. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. या सर्वांचे मार्चमधले काम झालेले होते आणि त्याचे पैसे अनेकांना मिळावयाचे होते. खानावळीचे, ज्याला भिवंडीत बिसी म्हणतात त्या जेवणाचे, पैसे मात्र देणे होते. मजुरीचा हिशेब शेठच्या वहीत आणि जेवणाचा हिशेब बिसीवालीच्या वहीत. निघताना कामगाराच्या हातात फक्त गाठोडे होते.

त्याच वर्षी १४ सप्टेंबरला लोकसभेत एका लेखी उत्तरात केंद्रीय श्रम मंत्रालयाने सांगितले की, टाळेबंदीत किती स्थलांतरित कामगार मृत्यू पावले याची माहिती ठेवलेली नाही. ज्या राज्यसंस्थेजवळ माणसाच्या मरणाची नोंद नसते, तिच्याजवळ त्याच्या थकलेल्या मजुरीची नोंद असेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली व तीत ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नावे दाखल झाली. नाव दाखल होणे हे चांगलेच. परंतु त्या नोंदीवरून कामगाराचे नाव, गाव आणि व्यवसाय कळतो. त्याने काल किती मीटर विणले आणि त्याचे किती पैसे बाकी आहेत हे कळत नाही. ती नोंद सरकारच्या उपयोगाची आहे. कामगाराच्या उपयोगाची नोंद कामगारालाच करावी लागेल.

आठ मीटरांचा हिशेब

मजुरी मीटरावर मिळते तेथे नोंदीचे महत्त्व किती, हे एका साध्या गणिताने दाखविता येईल. समजा, एक कामगार सहा माग चालवितो आणि बारा तासांच्या पाळीत २६४ मीटर कापड काढतो. समजा, त्याचा दर मीटरला अडीच रुपये आहे. वहीत रोज २६४ ऐवजी २५६ मीटर चढले, तर आठ मीटरांची तूट पडते. महिन्याच्या २६ दिवसांत ही तूट २०८ मीटर, म्हणजे ५२० रुपये होते. वर्षाला ६,२४० रुपये. प्रत्येक दिवशी ही तूट इतकी लहान असते की तिच्यासाठी भांडण काढणे कामगारालाच ओशाळवाणे वाटते. महिन्याच्या शेवटी मात्र ती कोणत्या दिवशी पडली हे त्याला सांगता येत नाही. मार्क्सने उचललेल्या, मिनिटामिनिटाने केल्या जाणाऱ्या वेळेच्या चोरीच्या मुद्द्याचेच हे मीटरातले रूप आहे. यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असेही नाही. गडबडीत चुकलेला आकडा, डागी म्हणून बाजूला काढलेला ताका, वीज गेल्यामुळे वाया गेलेले दोन तास, यांपैकी कशाचीही दुसरी नोंद नसल्यामुळे प्रत्येक चूक एकाच बाजूला झुकते.

आता फोनवरील फाईलचे स्वरूप पाहू. रोज एक ओळ. आधी तारीख, मग आकडे:

२०२६-०१-०५ दिवसपाळी, माग ६, मीटर २६४
२०२६-०१-०६ दिवसपाळी, माग ६, मीटर २१८, वीज बंद २ तास
२०२६-०१-०७ दिवसपाळी, माग ६, मीटर २६०, उचल ५००

इतकेच. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली तर ओळी आपोआप कालक्रमाने लागतात आणि शोधताना सापडतात. आकडे देवनागरी लिहावयाचे की रोमन, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवावे. कारण पुष्कळशा फोनवर एका लिपीतला आकडा दुसऱ्या लिपीत शोधून सापडत नाही.

जागेची चिंता करण्याचे कारण नाही. आज रूढ असलेल्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठविण्यास ३ बाइट लागतात. रोज शंभर चिन्हांची ओळ लिहिली तरी वर्षाला सुमारे १ लाख १० हजार बाइट होतात. तीन वर्षांचा सगळा हिशेब सव्वातीन लाखांत मावतो. याच फोनने काढलेल्या एका छायाचित्राला सामान्यतः यापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते.

तीन वर्षांचा उल्लेख सहज केलेला नाही. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. चार श्रम-संहितांना कामगार संघटनांनी केलेला विरोध योग्य आहे आणि तो चालूच राहील. परंतु विरोध करीत असताना हाती असलेले कलम न वापरणे शहाणपणाचे नाही. या संहितेप्रमाणे थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो. पूर्वी किमान वेतन कायद्याखाली ही मुदत सहा महिने आणि वेतन प्रदान कायद्याखाली बारा महिने होती. वेतनाची चिठ्ठी देण्याचे बंधन मालकावर आहे आणि वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावरच आहे. तथापि, आपण तेथे काम केले आणि आपले इतके येणे आहे, एवढे तरी कामगाराला तारीखवार सांगता आले पाहिजे. साक्षीदाराने घटनेच्या वेळी स्वतः केलेले टिपण पाहून आपली आठवण ताजी करावी, याला आपल्या पुराव्याच्या कायद्यात १८७२ पासून स्थान आहे आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. ज्याच्याजवळ टिपणच नाही त्याला या तरतुदीचा उपयोग नाही.

साधा मजकूरच का

नोंदी ठेवण्यासाठी बाजारात देखणी ॲप शेकड्यांनी मिळतात. मग ही साधी, अनलंकृत फाईल कशाला, असे कोणी विचारील. उत्तर मालकीतच आहे. ज्या ॲपमध्ये आपली नोंद कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाऊन बसते, तेथे वहीचा मालक पुन्हा दुसराच होतो. शेठ जाऊन कंपनी येते, एवढाच फरक.

वुंडरलिस्ट या नावाचे कामांच्या याद्या ठेवण्याचे ॲप जगभर लोकप्रिय होते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. एव्हरनोट हे टिपणे ठेवण्याचे तितकेच प्रसिद्ध साधन; डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या चालकांनी फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची आणि एका वहीची मर्यादा घातली. कंपन्यांनी हे नफ्याच्या हिशेबाने केले व त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच आहे. परंतु तीन वर्षांचा दावा लढवू पाहणाऱ्या माणसाने आपला पुरावा अशा भाड्याच्या खोलीत ठेवावा काय?

मराठी माणसाला तर या बाबतीत दूर जाण्याचेही कारण नाही. १९९० च्या दशकात आपल्या संस्थांनी, संघटनांनी आणि छापखान्यांनी संगणकावर जो मजकूर जुळविला तो निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये जुळविला. प्रत्येक फॉन्टची आतली संकेतपद्धती निराळी. तो फॉन्ट गेला की मजकूर गेला. आज त्या फाईली उघडल्या तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा खच पडतो आणि परिवर्तकाची मदत घेतल्याखेरीज वाचता येत नाही. अनेक संघटनांचे जुने ठराव, सभासदांच्या याद्या, वर्गण्यांचे हिशेब अशा रीतीने मुके झाले आहेत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे, आणि त्या पद्धतीने लिहिलेला साधा मजकूर कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही फोनवर वाचता येतो. भिवंडीसारख्या गावात याचा आणखी एक लाभ आहे. येथे एकाच शेडमध्ये मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारे कामगार शेजारी शेजारी उभे असतात. साध्या मजकुराच्या एकाच फाईलमध्ये चारही भाषांतल्या ओळी आपापल्या लिपीत राहू शकतात. कामगारांची एकजूट कागदावर तरी चार लिप्यांत एकत्र नांदू शकते, ही सोय जुन्या टंकलेखन यंत्राने कधी दिली नव्हती.

इंटरनेटविना का, याचेही कारण सांगितले पाहिजे. नेटचा रिचार्ज संपतो, गोदामाच्या पत्र्याखाली संकेत पोहोचत नाही, ही रोजची कारणे झाली. त्याखेरीज सरकारच्या मर्जीचे कारण आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव निर्माण होताच इंटरनेट बंद करण्यात आले. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ नंतर कित्येक महिने ते बंद होते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींची आठवण बाळगणाऱ्या भिवंडीकराला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. नेमकी ज्या दिवशी नोंद सर्वांत आवश्यक असते त्याच दिवशी तिचा दरवाजा दुसऱ्याच्या हाताने बंद होऊ शकतो. फोनच्या पोटात असलेल्या फाईलला ही भीती नाही.

यादी कोण लिहितो

येथवर झालेल्या कामाच्या नोंदीविषयी लिहिले. आता करावयाच्या कामाच्या यादीविषयी. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये आपले वैज्ञानिक व्यवस्थापनाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या पद्धतीचा गाभा असा की, कामगाराने दिवसभरात काय करावयाचे, कसे करावयाचे आणि किती वेळात करावयाचे हे व्यवस्थापनाने आदल्या दिवशी ठरवून त्याच्या हाती लेखी द्यावे. योजना एकाने करावयाची, हात दुसऱ्याने हलवावयाचे. डोके आणि हात यांची ही फारकत भांडवली उत्पादनाने शंभर वर्षांत पूर्णत्वाला नेली.

तिचे ताजे रूप पाहावयाचे तर भिवंडी तालुक्यातील गोदामांकडे जावे. मुंबई-नाशिक महामार्गालगत मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या गावांच्या भातशेतीवर गोदामांचे एक नगरच उभे राहिले आहे, आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून त्याच्या वाढीला आणखी वेग आला. ऑनलाईन व्यापाराच्या मोठ्या गोदामात कामगाराच्या हातातील यंत्र त्याला पुढची वस्तू कोणत्या फळीवरून उचलावयाची ते सांगते आणि ती उचलण्यास किती वेळ लागला ते टिपून ठेवते. टेलरची चिठ्ठी दिवसाला एक होती. ही चिठ्ठी मिनिटामिनिटाला येते. कामगाराचा संपूर्ण दिवस क्षणाक्षणाने नोंदला जातो, परंतु त्या नोंदीतला एकही आकडा त्याच्या हाती पडत नाही. मागवाल्याचे दुःख असे की त्याची नोंद होत नाही. गोदामवाल्याचे दुःख असे की त्याची नोंद त्याच्याविरुद्ध होते. दोघांवर उपाय एकच: स्वतःची, स्वतःच्या हाताने केलेली नोंद आणि स्वतः लिहिलेली यादी.

कार्यकर्त्याच्या बाबतीत तर यादीला पर्याय नाही. मजुरीचा दावा, शिधापत्रिका, रुग्णालयातली भेट, न्यायालयाची तारीख, वर्गणी, सभा, अशी पन्नास कामे त्याच्या डोक्यात असतात. त्यांतले एक विसरले तर एखाद्या कुटुंबाचे महिनाभराचे अन्न जाते. यासाठीही साधा मजकूर पुरतो. २००६ मध्ये जीना ट्रपानी या अमेरिकी लेखिकेने टूडू डॉट टीएक्सटी नावाची एक सोपी रीत प्रचारात आणली. एका ओळीत एक काम. निकडीच्या कामापुढे कंसात एक अक्षर. कोणत्या प्रकरणातले ते अधिक-चिन्हाने, कोठे करावयाचे ते दुसऱ्या एका चिन्हाने. काम झाले की ओळीच्या आरंभी फुली. मराठीत ते असे दिसेल:

(अ) २०२६-०१-१२ शेड क्र. ३ चा अर्ज दाखल करणे +मजुरी @कामगार-कार्यालय
(ब) रक्ताचा अहवाल आणणे +आजार @रुग्णालय
× २०२६-०१-०८ बिसीतील बैठकीचा निरोप देणे +सभा

यासाठी मार्कोर यासारखी फुकट, मुक्त आणि नेटविना चालणारी साधने अँड्रॉइड फोनवर मिळतात. तीही नको असतील तर फोनमधली कोणतीही साधी टिपणवही चालेल. महत्त्वाचे इतकेच की, फाईल आपल्या हाती असावी आणि हवी तेव्हा उचलून दुसऱ्या फोनवर ठेवता यावी.

काही शंका

पहिली शंका अशी की, कागदाची वही काय वाईट? मुळीच वाईट नाही. जो कागदावर लिहील त्याने अवश्य कागदावर लिहावे. परंतु एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे कामगार आळीपाळीने झोपतात, सामान गावी जाते-येते, तेथे वही हरवते. फोन मात्र तो अंगावेगळा करीत नाही. फोनही हरवतो, हे खरे. म्हणून पंधरवड्याला फाईलची एक प्रत ब्लूटूथने अथवा केबलने सोबत्याच्या फोनवर ठेवावी.

दुसरी शंका अक्षरओळखीची. ज्याला लिहिता येत नाही त्याने काय करावे? त्याला फोनवर आकडे लावता येतात, कारण घरी फोन तोच लावतो. तारीख आणि मीटर, हे दोन आकडे एका ओळीत पुरेसे आहेत. शब्द नंतर येतील. आपल्या प्रौढशिक्षण वर्गांनी बाराखडीपासून आरंभ करण्याऐवजी मजुरीच्या हिशेबापासून आरंभ केला असता तर वर्ग इतक्या लवकर ओस पडले नसते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

तिसरी शंका वकील मंडळींची आणि ती गंभीर आहे. फोनमधली फाईल कोणालाही मागाहून बदलता येते. तिचा पुरावा म्हणून काय भाव? फाईल एकटी पुरेशी नाही, हे मान्य. म्हणून पगाराच्या दिवशी दोन ओळींचा साधा एसएमएस शेठला पाठवावा: या पंधरवड्यात मीटर इतके, उचल इतकी, बाकी इतकी. एसएमएसला इंटरनेट लागत नाही आणि त्या दिवसाची तारीख त्याला आपोआप चिकटते. शेठने उत्तर दिले तर ती पावती. दिले नाही तरी आपण त्याच दिवशी मागणी केली होती हे दाखविता येते. मात्र जेथे एकट्याने असा संदेश पाठविल्यास दुसऱ्या दिवशी कामावरून जावे लागेल, तेथे हे पाऊल एकट्याने टाकू नये. ते संघटनेने, सर्वांचे मिळून टाकावे. याच कारणासाठी कार्यकर्त्यांनी आपल्या यादीत कामगारांची पूर्ण नावे लिहू नयेत आणि फोनला कुलूप ठेवावे. फोन जप्त होऊ शकतो, हेही ध्यानात असावे.

चौथी शंका आपल्याच घरातली आहे. प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये आपापला हिशेब ठेवणे ही व्यक्तिवादी गोष्ट नव्हे काय? लढा सामुदायिक असतो, हिशेब खाजगी. मला हा विरोध खरा वाटत नाही. एका कामगाराची आठ मीटरांची तूट ही त्याची तक्रार असते. चाळीस कामगारांच्या तीन महिन्यांच्या ओळी एकाखाली एक लावल्या की तीच तूट दराच्या वाटाघाटीतला मुद्दा बनते. साध्या मजकुराच्या फाईली जोडण्यास कोणाची परवानगी लागत नाही, कोणतीही खास विद्या लागत नाही. एकीचा शेवट संपतो तेथे दुसरीचा आरंभ चिकटवावयाचा. भिवंडीत मीटरमागचा दर वाढविण्याची बोलणी आजवर मालकाच्या आकड्यांवर झाली. मंदी आहे, सूत महागले आहे, विजेचा दर वाढला आहे, हे आकडे ते आणतात. कामगारांचा पक्ष अनुभव सांगतो, संताप सांगतो, आकडा सांगू शकत नाही. वीज किती तास गेली आणि त्यात किती मजुरी बुडाली, हे चाळीस जणांच्या नोंदींवरून त्याला सांगता आले तर बोलण्यांचा सूरच पालटेल.

तेव्हा प्रत्येक शाखेने निदान एका शेडमधील किंवा एका गोदामातील दहा कामगार निवडावेत. त्यांच्याबरोबर बिसीत बसून फाईल उघडून द्यावी, पहिली ओळ त्यांच्याच बोटांनी लिहून घ्यावी. पुढील तीन महिने दर पगाराच्या दिवशी जाऊन त्यांच्या नोंदी शेठच्या वहीशी ताडून पाहाव्यात. जेथे फरक पडेल तेथे तो तारखेसह लिहून ठेवावा. दहांचे शंभर होण्यास वेळ लागेल. परंतु दहांच्या नोंदी हाती असल्या म्हणजे पुढच्या दराच्या बैठकीला जाताना कार्यकर्त्याला केवळ घोषणा घेऊन जावे लागणार नाही.